निकालाआधीचा निकाल

कौटुंबिक न्यायालयात नवरा-बायकोची भांडणं अक्षरांनी ओळखली जातात. घटस्फोट, विवाह रद्द करून मागणं, ‘बायकोला नांदायला पाठवा’ अशी मागणी, ही सगळी ‘ए’ याचिका. मुलाचा ताबा ‘डी’. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याखाली मागितलेली पोटगी ‘ई’. दोघांनी मिळून मागितलेला घटस्फोट ‘एफ’. एका जोडप्याचं भांडण एका अक्षरात सहसा मावत नाही. नवऱ्याचा ‘ए’ दाखल झाला की बायकोचा ‘ई’ येतो, मूल असेल तर ‘डी’. शिवाय न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर घरगुती हिंसाचाराचा अर्ज, आणि पोलिसांत तक्रार झाली असेल तर सासरच्या छळाचं कलम ४९८-अ. जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत ८५ झालं आहे, पण कोर्टाच्या आवारात त्याला अजून कुणी पंच्याऐंशी म्हणत नाही. म्हणजे संसार एक आणि तारखा पाच.

नाशिकला सीबीएस बसस्थानकावर उतरून कोर्टाकडे वळणाऱ्या गर्दीत अशा तारखांना आलेल्या बायका ओळखू येतात. बरोबर बहुधा वडील किंवा भाऊ, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, रेशनकार्डाची झेरॉक्स. लग्न झालं होतं हे सिद्ध करण्यापासून सुरुवात असते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. सुरगाण्या-पेठहून दर तारखेला येणारीला तो फरक जाणवतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको जिथे राहते तिथे तिला दावा लावता येतो. त्यामुळे माहेर नाशिकचं असेल तर पुण्या-मुंबईचा नवरा इथल्या तारखेला येतो, आणि त्याचे वकील पहिल्याच दिवशी पुढची तारीख मागतात.

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. महाराष्ट्रातलं पहिलं न्यायालय १९८९ मध्ये पुण्यात सुरू झालं. दहा लाखांहून मोठ्या शहरात असं न्यायालय हवंच, असं कायदा सांगतो. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर पंधरा लाखांच्या जवळ पोचलं होतं. जिथे कौटुंबिक न्यायालयाची हद्द नाही, तिथे घटस्फोटाची प्रकरणं दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यासमोर चालतात. त्याच टेबलावर बांधाचे वाद आणि वाटपाचे दावे असतात आणि समुपदेशकाची खोली नसते.

कायदा करताना अपेक्षा अशी होती की काळा कोट मागे राहील आणि समुपदेशक पुढे येईल. वकील लावणं हा इथे पक्षकाराचा हक्क नाही, असं कलम १३ स्पष्ट म्हणतं. प्रत्यक्षात परवानगीचा अर्ज जातो आणि मंजूर होतो, कारण समोरच्याने वकील दिल्यावर आपण एकट्याने कसं उभं राहायचं? पुराव्याचे काटेकोर नियमही सैल केलेले आहेत. विवाह समुपदेशक मात्र खरोखरच मधे असतात. आधी एकेकट्याला बोलावतात, मग दोघांना समोरासमोर. त्या खोलीत जे बोललं जातं ते गोपनीय असतं, समुपदेशकाला साक्षीला खेचता येत नाही. पक्षकार नको ते तिथे बोलून जातात आणि नंतर वकिलाला विचारतात, ते कागदावर आलं का? आलेलं नसतं. कोर्टापुढे जातो तो दोन-तीन ओळींचा अहवाल, तडजोड झाली की नाही एवढाच.

सुनावणी बंद दाराआड होऊ शकते, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कामकाजातला मजकूर छापायला मनाई आहे. म्हणून या लेखात नाशिकच्या कुणाचं नाव नाही. नावं येतात ती फक्त वरच्या कोर्टाच्या छापील निवाड्यांतून.

*

कागदोपत्री निकाल शेवटी लागतो. माझ्या मते खरा निकाल त्याच्या फार आधी लागलेला असतो, अंतरिम अर्जावर. त्या अर्जाला वर्तमानपत्रात दोन ओळी मिळत नाहीत.

कायदा म्हणतो की दावा शक्यतो सहा महिन्यांत संपवावा. ते सहा महिने समन्स बजावल्यावर सुरू होतात, आणि बजावणी होईपर्यंतच बरेच दिवस जातात. बेलिफाचा अहवाल येतो: घर बंद, पत्ता अपुरा, सदर इसम मिळून आला नाही. मग कैफियत, मुद्दे, सरतपासाचं प्रतिज्ञापत्र, उलटतपास. तेवढ्या काळात बाईने कशावर जगायचं आणि मूल कुणाजवळ झोपायचं, हे ठरवणारा अर्ज मुख्य दाव्याच्या पोटात असतो. कायद्याने त्यावर नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निर्णय व्हायला हवा. तो लवकर झाला तर बाई भावाच्या दारात मान वर करून राहते आणि दावा लढवते. रखडला तर ती थकते आणि समोरचा जे देईल त्यावर सही करते. ही थकवण्याची कला दोन्ही बाजूंच्या वकिलांना येते. न्यायाधीशांना ती दिसतेही, पण बोर्डावर त्या दिवशी असलेल्या बाकीच्या प्रकरणांचं काय करायचं?

या विषयावरचा आजचा सगळ्यात महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातूनच गेला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सप्टेंबर २०१३ मध्ये एका बाईने स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. ऑगस्ट २०१५ मध्ये तिला दरमहा १५ हजार आणि मुलाला आधी ५, मग १० हजार मंजूर झाले. नवरा उच्च न्यायालयात गेला, तिथे हरला, सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी राजनेश विरुद्ध नेहा या नावाने निवाडा आला, तेव्हा अंतरिम पोटगीचा प्रश्न सात वर्षं लोंबकळत होता. न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी त्यात देशभरासाठी नियम घालून दिले. दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हुकमाच्या नाही. आणि तीन कायद्यांखाली तीन ठिकाणी पोटगी मागितली असेल तर एकीतली रक्कम दुसरीत जमेला धरायची.

या निवाड्याला प्रतिज्ञापत्राचे नमुने जोडलेले आहेत, त्यांतला एक खास शेतकऱ्यांसाठी आहे. किती जमीन, त्यात तुमचा हिस्सा किती, बागायत की जिरायत, कोणती पिकं, वाट्याने कुणाची जमीन करता का, जनावरं किती, जमिनीवर कर्ज किती, गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न काय. कुणी निफाड-दिंडोरी डोळ्यांसमोर ठेवून रकाने पाडावेत, इतका तो इथे लागू पडतो. आणि इथेच तो सगळ्यात जास्त फसतो.

नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधला किंवा ओझरच्या एचएएलमधला नवरा असेल तर पगाराची स्लिप मागवली की काम झालं. पोटगी पगारातून कापून घ्यायचीही सोय असते. सातपूर-अंबडच्या कारखान्यात ठेकेदाराकडे असलेल्याची स्लिप असली तरी नोटीस मिळाल्यावर नोकरी ‘सुटते’. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगून ठेवलं आहे की धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायकोमुलांना पोसलं पाहिजे. द्राक्षबागाईतदाराचं काय करायचं? शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून विवरणपत्र नाही. माल व्यापारी बागेतूनच उचलतो, म्हणून पावती असेलच असं नाही. लासलगावला कांदा नेला तर निदान हिशोबपट्टी तरी मिळते. उत्पन्न येतं जानेवारी ते एप्रिल, आणि खर्च खरड छाटणीपासून वर्षभर चालू. प्रतिज्ञापत्र मात्र महिन्याचा आकडा मागतं. नवऱ्याच्या बाजूने औषधांच्या दुकानाची थकलेली बिलं, सोसायटीचं कर्ज, अवकाळीचे पंचनामे येतात. बायकोच्या बाजूने आठ-अचा उतारा, ट्रॅक्टरचं आरसी बुक आणि बंगल्यासमोर काढलेला लग्नातला फोटो.

आणि सातबारा. लग्न जुळवताना जी बाग मुलाची असते, ती पोटगीच्या अर्जाला उत्तर देताना वडिलांची होते. कधी खरोखरच ती वडिलांच्या नावावर असते आणि पोरगा बिनपगारी राबत असतो. कधी दावा लागल्यानंतर हक्कसोड पत्र झालेलं असतं, आणि फेरफाराची तारीख बघितली की ते कळतं. चांगला वकील आधी तारीख बघतो, मग क्षेत्र.

लपवाछपवी एकाच बाजूने होते असं नाही. शिकवण्या, ब्यूटी पार्लर, खासगी बँकेतली नोकरी न दाखवता ‘कोणतेही उत्पन्नाचे साधन नाही’ हे छापील वाक्य अर्जात येतंच. म्हणून तर प्रतिज्ञापत्र दोघांचं मागितलं आहे. पण ही दोन्ही खोटं मी एका मापाने मोजणार नाही. एकाच्या खोट्याने हप्ता वाचतो, दुसऱ्याच्या खोट्याने मिळाला तर हप्ता मिळतो, आणि मिळालेला हुकूम हातात पडला तरी पैसे हातात पडलेले नसतात.

कारण मग वसुली. पोटगी थकली की वॉरंटचा अर्ज. तोही थकल्यापासून वर्षाच्या आत करायचा, नाहीतर त्या रकमेसाठी हा रस्ता बंद. थकलेल्या दर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. व्यवहारात काय होतं, तर वॉरंट पोलीस ठाण्यात जातं, इसम मिळून येत नाही. मिळालाच तर थोडी रक्कम भरतो, वॉरंट रद्द होतं, पुन्हा सहा महिने शांतता. पोटगीच्या थकबाकीचे अर्ज चालवणारे वकील सांगतात तो हिशेब साधा आहे. पाच हजारांच्या पोटगीसाठी वर्षाकाठी दहा तारखा, येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली रोजंदारी.

इथे दोन गोष्टी फार बायकांना माहीत नसतात. महाराष्ट्र सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादात स्त्री पक्षकारांना कोर्ट फी माफ आहे. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळणारा मोफत वकील कोणत्याही स्त्रीला मिळतो, तिची मिळकत कितीही असो.

*

दिवाळी जवळ आली की ‘डी’ प्रकरणांत अर्जांची गडबड उडते. कोर्टाला सुट्टी लागण्याआधी मूल सुट्टीत कुणाकडे, हे ठरायला हवं असतं. साधारणपणे सुट्टीचे दोन भाग करतात. पण दिवाळी बरोबर मधे कापता येत नाही. लक्ष्मीपूजन एका भागात, भाऊबीज दुसऱ्यात. बहीण आईजवळ आणि भाऊ बापाजवळ अशी वाटणी झालेली असेल तर ओवाळण्यासाठी वेगळा तास लिहून घ्यावा लागतो. हुकमात मग तारखा येतात, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मूल कुठून घ्यायचं, कुठे परत आणून सोडायचं. फटाक्यांची पिशवी कुठल्या घरी राहील हे कोर्ट लिहीत नाही, भांडण मात्र त्यावरूनही होतं.

पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, हे १९५६ च्या अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात आहे. त्याच कायद्याचं कलम १३ म्हणतं, मुलाचं हित सगळ्यांच्या वर. हित ठरवणार कसं? न्यायाधीश कधी मुलाला चेंबरमध्ये बोलावून गप्पा मारतात. मूल शाळेचं, मित्रांचं बोलतं, आणि शिकवून पाठवलेलं असेल तर पहिल्याच मिनिटाला सगळं पाठ म्हणून दाखवतं. इथेही अंतरिम व्यवस्थाच जिंकते. दोन-तीन वर्षं ज्या घरी मूल राहिलं, ज्या शाळेत गेलं, तिथून ते उपटून दुसरीकडे लावायला कोणतंही कोर्ट धजावत नाही. ज्याच्याजवळ तात्पुरतं राहिलं, त्याचंच होतं.

*

अंतरिम संपून पुरावा सुरू झाला की ‘क्रूरता’ नावाचा शब्द शिल्लक राहतो. त्याचा अर्थ शोधायला वकील अजूनही दास्ताने विरुद्ध दास्ताने उघडतात. पुण्यात मे १९५६ मध्ये झालेलं लग्न, नवरा शेतीशास्त्रातला डॉक्टरेट, तीन मुली. १९६२ मध्ये तो कोर्टात गेला. १९ मार्च १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला. तेरा वर्षं. फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा इथे लागत नाही, कुणाची बाजू जास्त संभवनीय हे पाहायचं, ही या निवाड्याची देणगी. बायकोचं वागणं क्रूरतेत बसतं असं कोर्टाने मान्य केलं आणि तरीही नवऱ्याला विभक्ती नाकारली, कारण ते सगळं घडूनही तो तिच्याबरोबर संसार करत राहिला होता, म्हणजे त्याने क्षमा केली होती. हा मुद्दा आजही उलटतपासात येतो. ‘त्या मारहाणीनंतर तुम्ही दिवाळसणाला सासरीच होतात ना?’ उत्तर हो असतं. बाई दुसरीकडे कुठे जाणार होती, हे विचारायला दुसऱ्या बाजूचा वकील उभा राहावा लागतो.

तेव्हा क्रूरतेवरून फक्त न्यायिक विभक्ती मिळायची. १९७६ च्या दुरुस्तीने ती घटस्फोटाचं कारण झाली आणि त्याच दुरुस्तीने संमतीचा घटस्फोट आला. मुंबई प्रांताने तर १९४७ मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता, देशाच्या आठ वर्षं आधी. अर्थात काडीमोड घेणाऱ्या जातींना त्याची नवलाई नव्हती.

बहुतेक लढाया ‘ए’मधून सुरू होऊन ‘एफ’मध्ये मिटतात. वर्षभर वेगळे राहिलेले असावेत, मग संयुक्त अर्ज, मग सहा महिने थांबायचं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दीड वर्ष वेगळे राहून झालं असेल, सगळ्या बाबी मिटल्या असतील आणि समेटाची आशा नसेल, तर हे सहा महिने माफ करता येतील. वकील पहिल्याच दिवशी दोन अर्ज एकत्र लावतात, एक घटस्फोटाचा, एक माफीचा. अटी लिहिताना खरी घासाघीस होते. स्त्रीधनाची यादी, त्यात मंगळसूत्र किती तोळ्यांचं, मुलाच्या शिक्षणाचा खर्च, एकरकमी रक्कम आणि डिमांड ड्राफ्ट कधी द्यायचा. अर्धा पहिल्या जबाबाच्या दिवशी, अर्धा शेवटी. शेवटचा हप्ता बहुतेक वेळा ४९८-अशी बांधलेला असतो. तो गुन्हा आपसांत मिटवण्याजोगा नाही, नाशिकचं कोर्ट तो तडजोडीवर बंद करू शकत नाही. त्यासाठी मुंबईला उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. बोलचाल बंद झालेलं जोडपं सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला निघतं, वेगवेगळ्या डब्यांतून, एकाच कागदावर सही करायला.

*

या सगळ्या चौकटीबाहेर नाशिक जिल्ह्यातली बरीच माणसं राहतात, आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जिल्ह्याचा साधारण चौथा हिस्सा आदिवासी आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २(२) अनुसूचित जमातींना तो कायदा लागू करत नाही. म्हणजे पेठ, सुरगाणा, कळवणच्या कोकणा, महादेव कोळी, वारली जोडप्याला ‘ए’ याचिका टाकताच येत नाही. पंच बसतात, देणंघेणं ठरतं, माणसं वेगळी होतात. अडचण येते सरकारी कागदाला. नवरा आश्रमशाळेत शिक्षक असेल, निवृत्तिवेतनावर नाव कुणाचं? मग दिवाणी कोर्टात घोषणेचा दावा लावायचा, की आमच्या रूढीप्रमाणे फारकत झालेली आहे. रूढी म्हणजे काय, किती पूर्वीपासून, कुणी पाळली, हे साक्षीदार आणून सिद्ध करायचं. पोटगी आणि घरगुती हिंसाचाराचे कायदे मात्र त्या बाईलाही तेवढेच खुले आहेत. हे तिला सांगणारं तिच्या पाड्यावर कुणी असेल तरच.

मालेगावच्या मुस्लिम बाईला १९३९ च्या कायद्याने कोर्टाचं दार उघडं आहे, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी संहितेखाली पोटगी मागता येते. शरणपूरच्या ख्रिस्ती कुटुंबांचा कायदा १८६९ चा. त्यात संमतीचा घटस्फोट २००१ मध्ये आला.

आणि हिंदूंमध्येही कोर्टापर्यंत न येणारे आहेतच. पूर्वी शंभराच्या, आता पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर ‘फारकतीचा लेख’ करून दोघं दोन वाटांनी जातात. रूढी सिद्ध होत नसेल तर त्या कागदाला किंमत शून्य, हे दुसऱ्या लग्नानंतर पहिली बायको पोटगीला उभी राहिली की कळतं. जातपंचायतीचा निवाडा त्याहून वाईट. २०२२ मध्ये उघडकीला आलेल्या सिन्नरच्या एका प्रकरणात पंचांनी बाईच्या गैरहजेरीत फोनवरून घटस्फोट जाहीर केला आणि भरपाई ठरवली एक रुपया. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा आहे, आणि तो येण्यात नाशिकहून २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘जातपंचायत मूठमाती’ मोहिमेचा मोठा वाटा होता. त्या मोहिमेच्याच जिल्ह्यात पंचांचा हा निवाडा झाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या नव्या बहुमजली इमारतीचं उद्घाटन झालं. जागेची अडचण होती, ती कमी होईल. पण समन्स वेळेत बजावलं जाणं आणि अंतरिम अर्ज साठ दिवसांत निघणं हे मजल्यांवर अवलंबून नाही. त्याला बेलिफ, समुपदेशक आणि न्यायाधीश लागतात.

निकाल लागल्यावरही एक काम उरतं, नक्कल काढण्याचं. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची प्रत लागते रेशनकार्डातून नाव कमी करायला, पासपोर्टला, बँकेतलं नामनिर्देशन बदलायला, आणि स्थळ आलं तर दाखवायला. लढून मिळालेल्या घटस्फोटानंतर अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करता येत नाही. ती तीस दिवसांची की नव्वद, यावर बराच घोळ होता, तो २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने नव्वदच्या बाजूने मिटवला. ‘एफ’वाल्यांना थांबावं लागत नाही, संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं. तरी शहाणे वकील त्यांनाही सांगतात, नक्कल हातात पडेपर्यंत हॉल बुक करू नका.